पोट आत घेतलेली अक्षरं

तीर्थस्वरूप सौ. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांना आता जिना मानवतो का? दाजींचा खोकला गेला असेल. नसेल तर ते सिगारेट कुठे लपवतात ते शोध. इकडे सगळे ठीक आहेत. फक्त माझं डोकं फिरलंय, आणि ते फिरवणारा तुझा मुलगा आहे.

मागच्या सुट्टीत तो दोन दिवस इथे राहिला. माझ्याच शिडीवर चढून त्याने दवाखान्यावरच्या, मी रंगवलेल्या पाटीचे फोटो काढले (शिडी मीच धरली होती, म्हणजे बघ). मला वाटलं, भाच्याला मामाचं कौतुक. घरी जाऊन पठ्ठ्याने त्या अक्षरांचा कॉम्प्युटरवर चालणारा फॉन्ट केला. आता कोणीही बटणं दाबावीत आणि माझी अक्षरं उमटवावीत. 'जुन्या जमान्याची जाडजूड, उभट अक्षरं' म्हणे. ताई, त्यात जमाना कसला आलाय? डॉक्टरांच्या दोन खिडक्यांमध्ये जागा होती दोन हात आणि त्यांच्या पदव्या होत्या पाच. म्हणून मी अक्षरांना पोट आत घ्यायला लावून दाटीवाटीने उभं केलं, आणि लांबून दिसावीत म्हणून जाड केलं. परवा व्यायामशाळेवाल्याने तीस फुटी भिंतीवर तीच लावली. सगळी भिंत मोकळी आणि अक्षरं बिचारी श्वास रोखून कोपऱ्यात. शिवाय 'क' लिहिताना मला गांधीलमाशी चावली होती, त्यामुळे त्याच्या पोटाला पोचा आला. वीस वर्षं मी त्या पाटीखालून मान खाली घालून जातो. चिरंजीवांनी तो पोचासुद्धा जपला (म्हणे, हाताची खूण). आता केशकर्तनालयापासून कुलपांच्या दुकानापर्यंत गावभर माझे पोचे आहेत.

हद्द झाली ती वाचनालयात. तिथे नवी पाटी हवी आहे. ग्रंथपालबाईंनी मोबाइलवर नमुना दाखवला आणि म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखं येतं हो हे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत सांगून आलो, "माझ्यासारखं कशाला? मी अजून जिवंत आहे. सोमवारी पाटी हाताने लिहून देतो. नाही जमलं तर ब्रश कायमचा खाली ठेवतो." बाई भल्या, थांबल्या.

तेव्हा तुझ्या मुलाला बजावून सांग, मामाच्या घराची पायरी चढायची नाही.

तुझा धाकटा भाऊ,
पेंटर

ता. क. इतकं कडक सांगू नकोस. पोरगं मनाने वाईट नाही, आणि खरं सांगायचं तर काना त्याला झकास साधलाय.

ता. क. २ : तीन दिवस फळीवर खडूने आखून बघतोय. हात थरथरतो, ताई. उभी रेघ उभी राहत नाही. घरात कुणाला बोललो नाही. त्याला रविवारी पाठव. वाचनालयाचं नाव त्याच अक्षरांत, पाटीच्या मापाने कागदावर छापून आणायला सांग. रेघ त्याची गिरवीन. आत रंग भरण्यापुरता हात अजून माझा आहे.

ता. क. ३ : पहिलं पान फाडून टाक. त्याला एवढंच दाखव.