घरात आणखी कुणाला?

प्रिय रेलीन,

तुझा निरोप मिळाला. उत्तराला तीन आठवडे लावले, मुद्दाम. वाट पाहणं म्हणजे काय ते तुलाही कळू दे.

इकडे चेरीचा हंगाम संपत आलाय. शिडीवर मी अजूनही चढत नाही. अकरा-अकरा दिवस पाळी, काळी पँट, आत दोन टॉवेल, आणि खालून तुझी हाळी, “उतर गं नळबाई, गळायला लागलीस!” सगळे तोडणीवाले हसायचे. मीही हसायचे. दुसरं काय करणार?

एकोणिसाव्या वर्षी शेडमध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हा मोठी बहीण म्हणून तूच मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असा रक्तस्राव व्हायचा का?” मी तुझ्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, मला काय ठाऊक? तू म्हणालीस, “छे हो! हिचंच सगळं जगावेगळं. लहानपणापासून नाटकी.” दार उघडं होतं आणि बाहेर काउंटरवर तुझी होणारी सासू, क्रेगची आई, बसली होती. तुझं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर सल्ला, “जरा मन रमव.”

पुढची आठ वर्षं कशी काढली ते तुला माहीत आहे. दोन नोकऱ्या सुटल्या. समुद्रावर कधी गेले नाही. कुणाच्या घरी सोफ्यावर बसायची हिंमत झाली नाही. सत्ताविसाव्या वर्षी गर्भाशयच काढून टाकलं. तू भोपळ्याचं सूप घेऊन आलीस आणि माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणालीस, “सुटलीस एकदाची.” कडेवर तेव्हा तुझी टेगन होती.

दोन वर्षांपूर्वी दाढ काढली आणि हिरडी दोन दिवस वाहत राहिली, म्हणून होबार्टच्या रक्तविकार केंद्रात गेले. तिथे कळलं, रक्त गोठवणारा एक घटक माझ्यात कमी आहे. दुर्मीळ आजार, घराण्यातून येणारा. तिथल्या नर्सने गोळ्यांची साधी पट्टी हातात ठेवली. “तेव्हा ह्या मिळाल्या असत्या, तर पाळीचा रक्तस्राव निम्म्यावर आला असता,” म्हणाली. मी गाडीत जाऊन बसले. मग तुला फोन केला. तू म्हणालीस, “आपल्या घरात? शक्यच नाही.”

आणि आता तुझा हा निरोप: “अक्कलदाढ काढल्यापासून टेगनचं रक्त थांबत नाहीये. ती तुझ्याकडे येईल. तुझ्या जन्माच्या वेळी आईला सहा पिशव्या रक्त चढवलं, चादरी मी धुतल्या, हे डॉक्टरांना लागलं तर सांग, पण तिला सांगू नकोस. मावशीला का नाही सांगितलंस, असं विचारेल ती मला.”

म्हणजे नऊ वर्षांची असल्यापासून तुला माहीत होतं.

टेगन आली ती तोंडात कापूस धरून. आधी तिला होबार्टला नेलं, गोळ्या सुरू केल्या, रक्त थांबलं. मग तुझा निरोप तिच्यापुढे धरला, शब्दन् शब्द. तिने दोनदा वाचला. “आईला माहीत होतं?” मी नुसतं “हो” म्हटलं. तुझी बाजू सावरता आली असती, नाही सावरली. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

गेल्या मंगळवारी रिपोर्ट आला. तिच्यातही तोच घटक कमी आहे. पोरगी बरी आहे, गोळ्या आहेत, ती पोहायलाही जाईल. कॉलेजला आता माझ्याकडूनच जाणार आहे.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच. केंद्रात तिचं आजाराचं कार्ड बनवत होते. जिवावरचं काही झालं तर कुणाला कळवायचं, असं नर्सने विचारलं. “आईचं नाव लिहू ना?” टेगन म्हणाली, “नको. मावशीचं लिहा.” तेव्हा रेलीन, यापुढे फोन मला येईल. तुला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन.

तुझीच धाकटी,
नरेल