पाखरांचा कोपरा

रिंकोन, १७ मार्च

प्रिय एलोय दादा,

काकांना आता शेत झेपेल का, असं तू विचारलंस. त्याआधी इकडचं थोडं सांगते.

इकडे सगळं ठीक. वारा थांबत नाही आणि पावसाचं नाव नाही. निवडुंगाला यंदा फळंच धरली नाहीत, म्हणून डोंगरातले पोपट खाली उतरले. तळ्यात चिखल उरलाय, त्यात गाढवं उभी असतात. परवा काकांनी कुंपणाचा निवडुंग सोलून सूप केलं. माझ्यापुढे वाडगा ठेवून म्हणाले, "तुझ्या पदवीला येतं का हे?"

काल सिमादान झाला. कापणीचा सण, पण आपल्या शेतात कापायला काही नव्हतं. काकांना राखणीवर झोप लागली आणि पोपटांनी ज्वारी फस्त केली, हे तुला कुरासावला कुणीतरी कळवलंच आहे. तेवढ्यावरून तू त्यांना तिकडे न्यायचं ठरवलंस आणि विमानाचं तिकीटही धाडलंस.

दादा, काका झोपले नव्हते.

लहानपणी आपण दोघं शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकायला डबे बडवायचो, आठवतं? ओरडून घसा बसायचा. यंदा मीच काकांना म्हटलं, पोपट उपाशी आहेत, उत्तरेचा कोपरा त्यांना सोडू. तेवढं खाऊन ते बाकीच्याला शिवणार नाहीत. पक्षी वाचवायचं काम करते ना मी, डोक्यात तेच. डबेसुद्धा मीच उतरवले. काका हसले. "पाहुण्याला एक ताट वाढलं की तो गोतावळा घेऊन येतो, पोरी." पण अडवलं नाही त्यांनी. दोन दिवसांत शेतात नुसती ताटं उरली.

दुकानात लोकांनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "झोप लागली मला." मी शेजारीच उभी होते. घरी येऊन भांडले, तर म्हणाले, "आत्ता कुठे गावात तुझं कुणी ऐकायला लागलंय. मी म्हातारा, मला झोप शोभते."

मला बरं वाटलं, दादा. तेच सलतंय. महिनाभर मी गप्प राहिले. लोक त्यांना बघून घोरायचा आवाज काढायचे आणि मी घरोघर जाऊन पोपटांची पिल्लं पकडू नका म्हणून सांगत फिरायचे.

इथली रीत तुला ठाऊक आहे, ज्याचं पीक गेलं त्यानंही दुसऱ्याच्या कापणीला जायचंच. काका गेले. शेजारणीच्या, शोन तेक्लाच्या शेतात दिवसभर वाकून कापत होते. संध्याकाळी बकरीच्या रश्शाची पातेली उतरली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचाच्या रांगा धरल्या, आणि शोन तेक्लानं काकांचंच नाव घालून गाणं उचललं:

"निकासियोनं काय राखलं?"

सगळी रांग ओरडली, "उशी राखली, उशी!"

काकाही हसत ओरडले. माझ्या खांद्यावर त्यांचाच हात होता. पुढची ओळ तेक्लानं घ्यायच्या आत मी घेतली. आवाज फाटला माझा.

"पोपटांना जेवायला कुणी बोलावलं?"

ढोल थांबला. मग मीच म्हटलं, "मी बोलावलं, मी! डबे मी उतरवले. काका जागे होते."

शोन तेक्ला कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "मग महिनाभर तुझी जीभ काय पोपटांनी नेली होती?" हशा झाला, पण सगळे हसले नाहीत. आता माझं किती जण ऐकतील, ठाऊक नाही. काकांनी हात काढला नाही, नुसता खांदा दाबला. "उगाच बोललीस," म्हणाले, "झोप बरी चालली होती माझी."

घरी येताना विचारलं त्यांना, कुरासावला जायचंय का? म्हणाले, "एलोयकडे पाखरं आहेत हाकायला?"

झेपेल की नाही, ते पुढच्या पेरणीला दिसेल. डबे मी पुन्हा बांधलेत आणि तू पाठवलेलं तिकीट आज सकाळी परत करून आले.

रागाव, पण काकांवर नको.

तुझी,
उशिरा बोललेली
मरिल्वा