सॉरी आत्या, मी वाढले

दादा,

काल तुझी लेक गणवेशाची मापं द्यायला माझ्या दुकानात आली. टेप लावताच म्हणाली, "सॉरी आत्या, मी वाढले."

"अगं, त्यात सॉरी कसलं?"

"बाबा म्हणतात, मी डोक्याला ताप आहे. गंमत करतात."

"मग तू काय करतेस?"

"हसते. नाही हसलं तर दोन-दोन दिवस बोलत नाहीत."

अंगावर वळ नाही, म्हणून माझा संशय मी आजवर गिळला. काल तिला जवळ घेऊन म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही."

हे पत्र पाठवणार नाही. तू तिलाच फैलावर घेशील. आज तिच्या वर्गशिक्षिकेला सगळं सांगून आले. कोणी चुगली केली, म्हणून तू घर डोक्यावर घेशील. तेव्हा समोर येऊन माझं नाव मीच सांगेन.

तुझी धाकटी