हॉलचा चेक आज देऊ नका

अण्णा,

तुम्ही फिरून येईपर्यंत मला घरात बसवेना, म्हणून लिहून निघते.

लग्नाच्या हॉलचा चेक आज देऊ नका. बँकेत साडेचार लाख दिसतात, पण ते आपले नाहीत. पत्र्याच्या व्यापाऱ्याला आपण दिलेला तीन लाखांचा चेक त्याने अजून भरलेलाच नाही. हिशेब स्टेटमेंटशी जुळवताना काल ते लक्षात आलं. तो चेक वटला की जे उरेल, ते शनिवारच्या पगारांना लागेल. सातपूरच्या कंपनीकडून आपल्या बिलाचे पैसे पुढच्या महिन्याशिवाय येत नाहीत.

काल तुम्ही आईला म्हणालात, "पोरीचं लग्न थाटात करायचं, पैसे आहेत." तुमचा चेहरा बघून मी हिशेबाची वही मिटून ठेवली.

मी येवल्याला हर्षदच्या घरी जाते आहे. लग्न साधं करू, नाहीतर दिवाळीनंतर, हे त्याच्या आईला मीच समोर बसून सांगते. नाही म्हणाल्या तर म्हणू देत. वर्कशॉपमधल्या यादवकाकांचा पगार थकवून मला मांडवात उभं राहायचं नाही.

माझ्या मागे येऊ नका. वर्कशॉप वेळेवर उघडा.

सृष्टी