आठ घरांचं ऊन

४ नोव्हेंबर १९८६
आमच्या मच्छीमार सोसायटीच्या, उन्हावर वीज करणाऱ्या प्लेटा अखेर उभ्या राहिल्या. घरांच्या शेवटच्या ओळीमागच्या खळ्यात, जवळा सुकवतात तिथंच. चेअरमन खुर्चीवरून हुकूम सोडत होते, खड्डे मी खणले. चिटणीस म्हणजे हमालच. विजेचे खांब या ओळीपर्यंत आलेले नाहीत, म्हणून इथली आठ घरं प्लेटांवर. आमचंही त्यातच. प्लेटा ज्यांच्या संस्थेच्या, त्या जोशीसाहेबांची अट: महिनाभर चाचणी. आठ घरांच्या सामाईक बॅटऱ्या एकदा जरी पूर्ण उतरल्या तर प्लेटा दुसऱ्या गावाला. रोज संध्याकाळी बॅटरीचा काटा बघून वहीत लिहायचं. ते माझ्याकडे.

५ नोव्हें.
साडेसहाला बटन दाबलं. आठही घरांत ट्यूब लागली, एकदम. आय ट्यूबखाली हात धरून बसली. "दुपारचा ऊन ना ह्यो? मंग गरम कसा नाय?" काय सांगणार, दहावीला सायन्सला छत्तीस मार्क. पण खरंच, दुपारी येऊन गेलेलं ऊन, आणि आत्ता आमच्या घरात... जेवताना सारखा वर बघत होतो. भात गार झाला.

१३ नोव्हें.
दोन दिवस काटा उतरतोय. आभाळ तर स्वच्छ. संध्याकाळी वायरी तपासल्या, काही नाही.

१४ नोव्हें.
वाट लागली. सातलाच आठही घरं अंधारात. दुपारी सोसायटीचं ऑफिस सोडून खळ्यात गेलो होतो, तर प्लेटांवर जवळा पसरलेला. आमच्याच आयनं. म्हणे गुळगुळीत हाय, वाळू लागत नाय. भडकलो. तर मलाच, "ऊन काय तुमचे सोसायटीचा हाय काय रं?"

१५ नोव्हें.
चेअरमन म्हणतात, "आभाळ होतं म्हणून लिव. त्यांना काय कळतंय." पेन उघडून बराच वेळ बसलो. शेवटी खरं ते लिहिलं. प्लेटांवर जवळा, घालणारी चिटणिसाची आई. आता प्लेटा गेल्या तर शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू?

२२ नोव्हें.
जोशीसाहेब आले. वही वाचली, हसले नाहीत. "अट मोडली. मला कळवावं लागेल. खरं लिहिलंत, तेही कळवतो." प्लेटा राहतात की जातात, संस्थेचं पत्र येईल. आयला सांगितलं. ती जेवली नाही.

३ डिसें.
पत्र नाही. आज दिवसभर आभाळ, काटा खाली. सातला आयनं उठून ट्यूब बंद केली. म्हणाली, "मंजूचे घरान बाळंतीन हाय. तिला पुरूं दे."
बाहेर आलो तर शेजारीही अंधार. त्यापलीकडेही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ओळीत एकट्या मंजूकडे उजेड, आत बाळ रडत होतं.
वहीत बॅटरीचा आकडा लिहिला. मग समासात: आज सात घरांनी आपण होऊन ट्यूब बंद ठेवली. साहेब हे वाचतील की त्याआधीच पत्र येईल, माहीत नाही.