सत्तरच्या खाली

३ जून, अमरावती
विहारात सत्कार. शाल, गुच्छ, फलकावर माझा बारावीतला फोटो, खाली ‘आयर्लंडमध्ये परिचारिका’. कसली परिचारिका! नर्सिंगचं दुसरं वर्ष. पोटासाठी तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, डायपर बदलते, सकाळी बोटातून थेंब काढून साखर मोजते. गोळीला हात लावायची परवानगी नाही. बाबांना सगळं ठाऊक, तरी माइकवर ‘आमची नर्स’. मीही मान डोलावली. शाल अंगावर नुसती भाजत होती.

५ जून
अकोल्याहून आत्या आली. तिच्यासाठी साखर मोजायचं यंत्र तिकडून आणलंय, पट्ट्यांसकट. चार बायका जमल्या, मग काय, मी ऐटीत तोंडीच शिकवलं. रोज सकाळी मोजायची. सत्तरच्या खाली गेली की आधी गोड खायचं आणि त्या दिवशी गोळी नाही. गोळीचं बोलायला नको होतं. पण बायका ऐकत होत्या ना.
आत्या सगळ्यांना म्हणे, ‘पाहा, डॉक्टरच हाय माही पोट्टी.’

११ जून
अभ्यास बोंबलला. परत गेल्या गेल्या औषधांच्या गणिताचा पेपर आहे. दुपारी भातकुलीला मावशीकडे जेवण, पुरणपोळ्या, झोप. आत्याने यंत्राचा फोटो पाठवला. न उघडता अंगठा टाकला.

१८ जून
सकाळी आतेभावाचा, सुमितचा फोन. आत्या चक्कर येऊन पडली, अकोल्यात भरती केलंय. साखर पाचशेच्या वर. ‘रोज गुळाचं पाणी पिऊन राहिली होती थे! तूच समजाव आता तिले.’
मिळेल ती एसटी धरली. मूर्तिजापूरपाशी कधीतरी तो फोटो उघडला. १४.२.
तिकडे साखरेचं माप वेगळं. तिकडची चौदा म्हणजे इथली अडीचशे. यंत्र तिकडचं दिलं आणि सत्तर इथलं सांगितलं. आत्याला रोज सत्तरच्या खालीच दिसणार.
वृद्धाश्रमात एखाद्या आजोबांची चौदा निघाली असती तर धावत जाऊन सिस्टरला गाठलं असतं. आत्याला अंगठा.

१९ जून, अकोला
आत्याचे कपडे आणायला तिच्या घरी गेले. कॅलेंडरवर रोजचा आकडा. ११, १३, १४, १७, १९. एकोणीसपुढे तिच्या अक्षरात ‘वाढून राहिली’. सत्तरकडे सरकतेय म्हणून खूश होती बिचारी. रोज पेलाभर गुळाचं पाणी, गोळी बंद.
दवाखान्यात जो तो तिलाच बोलतो. डॉक्टर विचारतात, ‘आजी, एवढं गोड काहून खाल्लं?’ सुमित म्हणतो, जिभेवर ताबाच नाही. मी उशी सारखी करत बसले.

२० जून
डॉक्टरांना गाठून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, कागदावर लिहून घेतलं. ‘गोळी बंद करायला कोणी सांगितलं?’ मी. ‘तुम्ही नर्स ना?’ मी ‘नाही’ म्हणाले. या महिन्यात पहिल्यांदा.
मग जिन्यात सुमितला. तो कठड्याला टेकला. म्हणाला, ‘आईले नको सांगू. साऱ्या मोहल्ल्यात तुहं नाव करून ठेवलं तिनं. थे तुटून जाईल.’
क्षणभर बरं वाटलं. सुटले, असं. त्या बरं वाटण्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

२२ जून
साखर दोनशेच्या आत. आत्या बसून पेज प्यायली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझी ओळख करून दिली, पुन्हा तीच, फॉरेनची नर्स. मी बाटलीत पाणी भरायला बाहेर पळाले.
दुपारी सुमित जेवायला गेला. आत्याने हात धरला.
‘बाई, तू सांगतलं तसंच केलं म्या. एक दिवस नाही चुकली. मंग हे काहून झालं? मले यंत्र पाहता नाही आलं का?’
‘आत्या,’ म्हणाले.
तेवढ्यात सिस्टर आली साखर तपासायला. आत्याने बोट पुढे केलं. पाहत मात्र माझ्याकडेच होती.