आठ भोकं चुकीच्या जागी

स्ट्रेंगनेस,
फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार

परमप्रिय मेव्हणे यालमारराव यांस सिक्स्टेनचा आदरपूर्वक नमस्कार, आणि तुमच्या कमरेला वेगळा नमस्कार.

कंबर कशी आहे? छपरावरचं बर्फ उपसायला तुम्ही स्वतःच शिडी लावून चढलात, असं कळलं. बहात्तराव्या वर्षी हा उत्साह कौतुकास्पद आहे. (तुमची बहीण स्वेआ वेगळा शब्द वापरते, तो मी इथे लिहीत नाही.) कुत्र्याच्या कानाचं दुखणं बरं झालं असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे. तळं यंदा जानेवारीतच गोठलं आणि वर बर्फ भुरभुरलं नाही, त्यामुळे काचेसारखं काळं, स्वच्छ, कडक मैदान मैलोन् मैल पसरलंय. असा हिवाळा दहा वर्षांत एकदा येतो. आणि नेमका याच हिवाळ्यात स्वेआने जाहीर केलं की आपण स्केटिंग सोडलं.

कारण पायाचा अंगठा. त्याच्या बुडाशी हाड वर आलंय आणि स्केटिंगचे टणक बूट ते नेमकं चेचतात. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी ती तळ्यातल्या बेटावर दगडावर बसली, बूट काढला आणि वेलदोड्याचा बन तसाच हातात धरून म्हणाली, “बास. विकून टाक माझे स्केट्स.” यालमारराव, मी माझा बन पिशवीत परत ठेवला. आमच्या स्केटिंग मंडळात कुणीही एकट्याने बर्फावर जायचं नाही हा नियम, आणि एकतीस वर्षं माझी जोडीदार तीच. ती नसली तर मला फोल्केच्या जोडीला देणार. फोल्केला तुम्ही ओळखता. (नाताळात ज्याने तुम्हाला घर गरम ठेवायच्या यंत्राची माहिती पाऊण तास दिली, तोच.) पण खरं सांगायचं तर फोल्के हे निमित्त. तिच्याशिवाय मला त्या तळ्यावर पाऊलच टाकायचं नाहीये.

तेव्हा मी युक्ती काढली. तिचे स्कीचे बूट कसे मऊ, मोज्यासारखे. त्यात अंगठा कधी कुरकुरत नाही. मग स्कीवर बुटाचं टोक अडकवणारी जी पकड असते, ती स्केटच्या पात्यावरच्या पट्टीवर बसवली की काम झालं! हे काही मी शोधून काढलेलं नाही, अर्धं मंडळ असंच फिरतं. दुकानातून नवी पकड आणली आणि स्वेआला न सांगता कामाला लागलो. घरात छिद्रं पाडायची सोय नाही, म्हणून इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत गुरुवारी सकाळची आमची पाळी लावली. (दुसऱ्या दिवशी तिथे श्रीमती लिंडेब्लाड यांची चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘कपडे धुण्याची खोली कपडे धुण्यासाठी आहे. माझ्या टेबलक्लॉथमध्ये लोखंडाचा कीस निघाला. शेजाऱ्यांना स्नेहपूर्वक नमस्कार.’ त्या ‘स्नेहपूर्वक’खाली दोन रेघा होत्या.)

आता मुद्द्यावर येतो. पकड नेमकी कुठे बसवायची? इथे मला तुमच्या वडिलांची आठवण झाली. लग्नाआधी त्यांनी मला अंगणात उभं करून हातात स्की दिली होती आणि सुरी दिली होती. स्की सुरीच्या पाठीवर आडवी तोलायची, जिथे ती स्थिर राहील तिथे खूण करायची आणि बुटाचं टोक बरोबर त्या खुणेवर आणायचं. मला ते पहिल्या झटक्यात जमलं, म्हणून तर तुमची बहीण मला मिळाली. चाळीस वर्षांत घरातल्या सगळ्या स्की मी तशाच तोलल्या. तेव्हा मी स्वयंपाकघरातली सुरी आणली, स्केट तोलला, खूण केली, पुन्हा तोलून खात्री केली आणि एका पायाला चार अशी आठ भोकं पाडली. स्केट म्हणजे स्की नव्हे, त्याचा मध्य सापडला तर तो पावलाच्या मध्याखाली यायला हवा, टोकाखाली नव्हे, हे तुमच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी किनाऱ्यावर सगळं मंडळ जमलेलं. मी पिशवीतून स्केट्स आणि तिचे स्कीचे बूट काढून स्वेआपुढे धरले. तिचे डोळे भरून आले. (थंडीने नव्हे, मी बघत होतो.) तिने बूट चढवून पकडीत अडकवले. पुढे लांबच लांब पातं आणि मागे अर्धा बूट अधांतरी, असा तो देखावा होता. ती उभी राहिली आणि त्याच क्षणी मागच्या मागे धपकन बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मग बसल्या बसल्याच तिने शांतपणे विचारलं, “सिक्स्टेन, माझ्या टाचेखाली काय आहे रे?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“तेच म्हणते मी.”

फोल्के म्हणाला, “अरे, होडी बांधलीस की काय बायकोला? शीड विसरलास वाटतं!” सगळे हसले, स्वेआही हसली. मी तेवढा हसलो नाही. ती स्केट्स काखोटीला मारून गाडीपर्यंत चालत गेली. आता संपलं, असंच वाटलं मला.

पण सिक्स्टेन हार मानणारा नव्हे. शांत डोक्याने पुन्हा मापं घेतली, पकड पुढे सरकवली, नवी आठ भोकं पाडली. परवाच्या रविवारी स्वेआ पुन्हा बर्फावर उतरली आणि काय सांगू यालमारराव, सुटलीच! अंगठ्याचा जाच गेल्यावर तिच्या पायांत एवढं बळ दडलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळाच्या प्रमुखाने तिला तिथल्या तिथे तिसऱ्या गटातून पहिल्या, म्हणजे सर्वांत वेगवान गटात घातलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दहा मिनिटांत ती क्षितिजावर ठिपका झाली, आणि मी उरलेला दिवस फोल्केकडून यंत्राच्या नव्या झडपेबद्दल ऐकत काढला. स्वेआसाठी मला अतिशय आनंद झाला आहे, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमचा आज्ञाधारक,
सिक्स्टेन

ता. क. आपल्या दोघांचा पाय चव्वेचाळीसच ना? तुमचे स्कीचे मऊ बूट लगेच पार्सलने पाठवाल का? तसल्या बुटांत मीही पहिल्या गटात पोचेन, अशी माझी खात्री आहे.

ता. क. २. नाही म्हणण्याआधी एक सांगतो. आमच्या तळघरात ठेवलेल्या तुमच्या स्कीवरची पकड मी कालच काढून घेतली आहे. (माझ्या स्कीवरची काढता येत नाही, मार्चमध्ये मला लागतात.) तेव्हा बुटांचा तुम्हाला तसाही काही उपयोग नाही.

ता. क. ३. दादा, ही स्वेआ. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. दुसरी आठ भोकं मी पाडली, तो तेव्हा सोफ्यावर तोंडावर पेपर घेऊन रुसला होता. पहिल्या गटात माणसं फार चांगली आहेत, पण दिवसभर कुणी एक शब्द बोलत नाही. बेटावर चाळीस मिनिटं मागे वळून वळून बघत बसले आणि कॉफी गार झाली. मला करमत नाही रे त्याच्याशिवाय. बूट पाठवच. भोकं मी पाडते.